मूल राहण्याआधीचा विमा

"काय गं, पोटात काही आहे का?"

मोठ्या बाबूंनी विचारलं. भर ऑफिसात. माझ्या हातात चहाचा ट्रे होता. दोन-तीन प्राध्यापक सह्या करायला आले होते, कॅशियर होता, विम्याचा एजंट होता, फी भरायला आलेली पोरं खिडकीशी उभी होती. सगळ्यांनी माना वर केल्या. आधी माझ्या तोंडाकडे पाहिलं, मग पोटाकडे. मी ट्रे एका हातावर तोलून दुसऱ्या हातानं पदर ओढून घेतला.

मी ब्रह्मपुरीच्या एका कॉलेजात शिपाई होते. संस्थेनं त्या वर्षी सगळ्यांसाठी आरोग्य विम्याची योजना आणली होती. प्राचार्यापासून शिपायापर्यंत, पगारातून हप्ता कापून. नोटीस बोर्डावर ती नोटीस मीच लावली आणि लावता लावता वाचली. बाळंतपणाचा खर्च मिळणार होता. ऑपरेशन झालं तरी मिळणार होता. फक्त विमा घेताना बाई गरोदर नको, आणि विमा घेतल्यावर नऊ महिने उलटल्याशिवाय बाळंतपण त्यात बसणार नाही. मी दोनदा वाचलं. मग चहा घेऊन ऑफिसात गेले तेव्हा म्हटलं, बाबू, माझंही नाव घ्या.

"बोल ना," बाबू म्हणाले. "लाजायला काय झालं? विमा पाहिजे तर सांगावं लागते."

मी मान खाली घातली. "पाहू जी. देवाच्या मनात असन तसं."

"म्हणजे आहे." बाबू एजंटकडे वळले. "पाहा. दिवस गेले की आले विमा मागायले. लबाडी कशी अंगात मुरली आहे." मग परत माझ्याकडे. "अगं, तुमच्यातल्या बाया तर तलावाच्या पाळीवर मोकळ्या होतात अन् दुसऱ्या दिवशी मासोळ्या विकायले बसतात. तुले कशाले पाहिजे दवाखाना?"

लोक हसले. सगळे नाही. जे हसले नाहीत ते बोललेही नाहीत. माझं नाव घेतलं नाही. चहा मात्र मीच दिला. बाबूंना साखर कमी लागते, तेही ध्यानात ठेवून दिला. त्या दिवसातल्या सगळ्या गोष्टींपैकी याच गोष्टीचा मला आजही सगळ्यात जास्त राग येतो.

पोटात काहीच नव्हतं. मग नाही का म्हटलं नाही?

आमच्याकडे लेकराच्या गोष्टीला बाई नाही म्हणत नाही. घरातले तांदूळ संपले तरी आम्ही 'नाहीत' म्हणत नाही, 'भरायचे आहेत' म्हणतो. लेकरू तर तांदळाहून मोठं. कोणी विचारलं तर पाहू म्हणायचं, देवाच्या मनात म्हणायचं. "नाई म्हनलं का कूस आयकते," असं माझी सासू सांगायची. आणि माझी कूस एकदा ऐकून बसली होती. निदान सासूला तसंच वाटायचं. लहानपणापासून अंगात भिनलेलं असं एका बाबूच्या प्रश्नानं निघत नाही. जिभेवर 'नाही' आलं होतं, पण मला ते बोलवलं नाही.

पहिलं लेकरू कसं गेलं ते सांगते. आमचं गाव वैनगंगेपलीकडे, आरमोरीच्या अंगाला. आम्ही ढिवर. नवरा सोसायटीच्या तलावात जाळं टाकतो, धानाच्या हंगामात मजुरीला जातो. माझ्या पोटात सकाळी दुखायला लागलं. सुईण होती, तिनं दुपारपर्यंत पाहिलं आणि म्हणाली, हे माझ्या हातचं नाही. जीप मिळाली, पण जीपवाला सवाऱ्या भरल्याशिवाय निघेना. मी मागच्या सीटवर ओठ चावत बसलेली, आणि तो रस्त्यावर उभा राहून गिऱ्हाईक हाकारतोय. तालुक्याच्या दवाखान्यात ऑपरेशन करणारं कोणी नव्हतं. तिथून गडचिरोली. पोरगा झाला. रडला नाही.

तिथली डॉक्टरीणबाई तोंडानं कडक होती, पण खरं बोलली. "तुझं हाड अरुंद आहे. पुढच्या वेळी ऑपरेशनच लागेल. घरी थांबशील तर लेकरू जाईल, कदाचित तूही जाशील. आधी सोय करून ठेव. मूल राहण्याच्या आधी." ब्रह्मपुरीत खाजगी दवाखाना होता, तिथं ऑपरेशन व्हायचं. पण खाजगी दवाखाना म्हणजे आमचं घरदार विकूनही पुरं पडलं नसतं.

म्हणून ती नोटीस वाचल्यावर मी ठरवलं होतं. विमा आधी, लेकरू मागून. नवऱ्याला सांगितलं. मला वाटलं हसेल. तो म्हणाला, "तलावात मासोळीचं बीज सोडाच्या आधी सांडव्याले जाळी बांधतोच ना आपन? नाई तं पहिल्याच पुरात सारं वाहून जाते. तसंच हाय हे." आम्ही गावच्या नर्सबाईकडून गोळ्या आणल्या. सासूला सांगितलं नाही. जन्माआधी झबलंसुद्धा शिवू नये म्हणणारी ती बाई, तिला दवाखान्याची तयारी कशी सांगायची?

त्या दिवशी घरी येऊन मी नवऱ्याला झालं ते सांगितलं. त्यानं हातातली जाळ्याची गाठ उकलली. मग म्हणाला, "आता कवा मिळन मंग?"

"पुढच्या वर्षी."

"मंग थांबू."

थांबलो. थांबणं काय असतं ते आमच्यासारख्यांना शिकवावं लागत नाही, पण त्या वर्षानं मला दमवलं. सकाळी जीपमध्ये दबून ब्रह्मपुरी, संध्याकाळी जीपमध्ये दबून घर. शेजारच्या बाया हळदीकुंकवात माझ्याआधी दुसरीला बोलवायच्या. सासू शनिवार धरायला लागली. एकदा तिनं मला समोर बसवून विचारलं, "काऊन वं, लेकरू नोको का तुले?" मी पुन्हा तेच म्हटलं. पाहू. देवाच्या मनात. देव बिचारा उगाच माझ्या खोट्यात सापडला होता. उपास सासू करायची आणि गोळी मी घ्यायचे, रोज रात्री.

कॉलेजात माझी नेमणूक रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत होती. तिथं एक नवीन मॅडम होत्या. नुकतं लग्न झालेल्या, नागपूरच्या. परीक्षानळ्या धुताना एकदा त्यांनी आपणहून विषय काढला.

"त्या दिवशी तुम्ही नाही का म्हणाला नाहीत?"

"लेकराच्या गोष्टीले नाई म्हनत नाई जी आमच्यात."

त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "आमच्याकडेही तेच. माझी आई म्हणते, वास्तू तथास्तु म्हणते."

"मंग तुम्ही काय म्हनलं बाबूले?"

"मला विचारलंच नाही हो. एजंटनं खुर्ची दिली, कागद दिला, म्हणाला घरी नेऊन भरा, सवडीनं आणून द्या."

माझ्या हातातली नळी बेसिनमध्ये पडली आणि फुटली. वर्षभर मी स्वतःला कोसत होते. एक शब्द बोलता आला नाही, म्हणून विमा गेला, असं म्हणत होते. आमच्या चालीरीतींना शिव्या देत होते. सासूवर चिडत होते. आणि खोट माझ्या उत्तरात नव्हतीच. खोट त्या प्रश्नात होती. मॅडम आणि मी एकाच योजनेत, एकाच दिवशी, एकाच खोलीत. त्यांचं पोट त्यांचं होतं. माझं पोट सगळ्या ऑफिसचं होतं.

"मी तिथंच होते," मॅडम म्हणाल्या. "बोलायला पाहिजे होतं."

"हो, पाहिजे होतं," मी म्हटलं. त्यांना वाईट वाटलं असेल. वाटू दे म्हटलं.

पुढच्या वर्षी योजना उघडली. मी ट्रे न घेता गेले. रिकाम्या हातानं. तोच एजंट, तेच बाबू, खिडकीशी तशीच पोरं.

"आली का?" बाबू म्हणाले. "या खेपेला तरी खरं सांगशील? आहे का काही?"

मी एजंटसमोरच्या खुर्चीवर बसले. त्या ऑफिसात मी खुर्च्या पुसल्या होत्या, बसले कधी नव्हते.

"बाबू," मी म्हटलं, "रसायनच्या मॅडमले विचारलं होतं का तुम्ही असं?"

"त्यांचा इथं काय संबंध?"

"कागद द्या. कागदात जे विचारलं असन त्याचं उत्तर मी लिहून देतो. तोंडी नाई देत."

कोणी हसलं नाही. एजंट घाबरला होता. त्यानं बाबूंकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि कागद सरकवला. गरोदरपणाचा रकाना शेवटी होता. मी तिथं माझ्या हातानं 'नाही' लिहिलं. सासूची आठवण आली. लेकराचीही आली, न रडलेल्या. पेन थांबलं नाही.

दुसऱ्या दिवशी प्राचार्यांनी बोलावलं. बाबू शेजारी बसले होते. प्राचार्य म्हणाले, मोठ्या माणसाशी असं बोलतात का, माफी माग आणि विषय संपव, नाहीतर तुझं नाव योजनेतून काढायला लावतो.

खरं सांगते, मला भीती वाटली. वर्षभर ज्याच्यासाठी थांबले तेच हातातून जात होतं. माफीचे दोन शब्द, आणि दवाखाना मिळणार. नवऱ्याचा चेहरा डोळ्यासमोर आला. मी बाबूंकडे पाहिलं. ते आरामात बसले होते. मी माफी मागणार हे त्यांनी धरूनच ठेवलं होतं.

"मी काऊन मागू?" मी म्हटलं. "इचारलं त्यायनं. हसले ते."

आणि बाहेर आले. व्हरांड्यात भिंतीला टेकून उभी राहिले.

नाव काढलं नाही. का काढलं नाही ते मला कळलं नाही. रसायनच्या मॅडम प्राचार्यांना भेटल्या असं ऐकलं, त्यांना मी कधी विचारलं नाही. पण प्रयोगशाळेतून मला काढलं आणि संडास-मुताऱ्यांवर लावलं. पाण्याची बादली उचलत मी ते नऊ महिने काढले, मग गोळ्या बंद केल्या. गरोदरपणातही बादली उचलली. मुलगी झाली, ब्रह्मपुरीत, ऑपरेशन करून. रडली. इतकी रडली की नर्स वैतागली.

आता सगळे म्हणतात, मिळालं ना तुला, लेकरू जगलं ना, सोड आता. सासूही म्हणते. मी सोडत नाही. माझी मुलगी जगली ती कोणाच्या उपकारानं नाही. आणि माझा एक पोरगा मेला, त्याची भरपाई ती नाही. बाबू अजून त्याच टेबलावर आहेत, आणि योजना दरवर्षी उघडते. झाडू मारणाऱ्या, माळीकाम करणाऱ्या, पाणी भरणाऱ्या नव्या बाया येतात. प्रत्येकीला मी पहिल्याच दिवशी गाठते आणि सांगते. तुमच्या पोटात काय आहे ते तुमचं तुम्हाला ठाऊक. कागदावर लिहा. आणि कोणी भर ऑफिसात विचारलं, तर त्याला म्हणा, आधी तुमच्या लेकीला, तुमच्या सुनेला इथं उभं करा, आणि या सगळ्यांसमोर हेच विचारा. तिनं उत्तर दिलं तर मीही देईन.