बाद रीळ

संस्थेत सगळे त्यांना कात्री म्हणत. तोंडावर कात्रीकाका, पाठीमागे नुसतं कात्री. खरं सांगायचं तर या माणसानं कामात कात्रीला कधी हात लावला नाही. टेप कापतात ती दाढीच्या ब्लेडनं, धातूच्या खाचेत बसवून, तिरकी, म्हणजे जोड कानाला कळत नाही. पण ब्लेडकाका म्हटलं की माणूस न्हावी वाटतो, म्हणून कात्री.

संस्था होती नव्या संगीताच्या संशोधनाची. तिथे विजेच्या यंत्रांतून आवाज काढत, ते टेपवर उलटे फिरवत, पियानोच्या तारांत बोल्ट अडकवत आणि त्या सगळ्यावर फार गंभीर चेहऱ्यानं चर्चा करत. एकदा कॅन्टीनचा फ्रीज दुरुस्त करायला आलेला माणूस हत्यारं मांडीवर घेऊन नुसता बसून राहिला. का बसलात, असं विचारलं तर म्हणाला, "ती घरघर थांबू द्या, मग फ्रीजची ऐकतो." ती घरघर म्हणजे एका मोठ्या संगीतकाराची नवी रचना होती आणि ती संध्याकाळपर्यंत काही थांबणार नव्हती.

कात्रीकाकांना त्यातलं संगीत कळायचं का? कळत नसावं. कधी कुणी विचारलंच तर म्हणायचे, "शिंप्यानं कापड बघावं, लग्न कुणाचं ते बघू नये." त्यांचं काम एकच. रेकॉर्डिंगमध्ये जे नको ते काढायचं. खोकला काढायचा, खुर्चीची करकर काढायची, पान उलटल्याची सळसळ काढायची, गाणाऱ्याचा श्वास काढायचा. दोन हातांनी रीळ मागेपुढे हलवून नको असलेल्या आवाजाची सुरुवात शोधायची, पिवळ्या पेन्सिलीनं खूण करायची, शेवट शोधायचा, खूण करायची, ब्लेड मारायचं. तुकडा खाली टोपलीत. संध्याकाळी झाडूवाला टोपली रिकामी करायचा. आयुष्यभर त्यांनी लोकांचे श्वास टोपलीत टाकले आणि त्याबद्दल त्यांना शाबासकी मिळाली.

अशा माणसाच्या नशिबी बायको आली ती टेलिफोनवाली. संस्थेच्या दाराशी स्विचबोर्डवर बसायची, आणि जे तोंड एकदा सुरू व्हायचं ते जेवायच्या सुट्टीलाच थांबायचं. फोन जोडून देतानाही दोन वाक्यं पदरची घालायची. कात्रीकाका मुखदुर्बळ, ती बोलघेवडी. लोक म्हणाले, जोडा बरा जमला, एकाच्या वाटचं दुसरीनं बोलायचं. लग्नानंतर ती घरी बोलायची आणि हे ऐकायचे. निदान तिला तसं वाटायचं.

तेव्हा संस्थेत एक संगीतकार होता. उन्हाळ्यातही गळ्यात मफलर, म्हणून त्याचं नाव मफलर. त्याला एका रचनेसाठी गाणं न शिकलेला बाईचा आवाज हवा होता. एक लांब 'आ', मग बरीचशी शांतता, पुन्हा 'आ'. त्या रचनेत शांतता 'आ'पेक्षा जास्त महत्त्वाची आहे, असं तो सांगायचा. त्यानं टेलिफोनवालीचं 'हॅलो' ऐकलं आणि तिलाच धरून स्टुडिओत नेलं. ती तेव्हा पोटुशी होती, दिवस भरत आलेले. खुर्चीत टेकून बसायची आणि 'आ' म्हणायची. काचेच्या अलीकडे मफलर डोळे मिटून, आणि मशीनवर तिचा नवरा.

'आ' तिला छान जमायचं. जमायची नाही ती शांतता. टेप फिरते आहे, खोलीची शांतता रेकॉर्ड होते आहे, आणि मध्येच ही बोलणार. पाठ दुखते आहे, गॅसवर दूध ठेवून आले की काय, तुमच्या मफलरसाहेबांना झोप लागली का बघा. मग कात्रीकाका बटण दाबून तिच्या खोलीतल्या स्पीकरवरून दटावायचे. ती जीभ चावायची, पुन्हा 'आ' म्हणायची. मफलर वैतागायचा. कात्रीकाका म्हणायचे, "असू द्या साहेब, मी काढतो ते सगळं."

आणि काढलंही त्यांनी सगळं, पण जरा उशिरा. रेकॉर्डिंग संपलं त्याच दुपारी तिला कळा सुरू झाल्या. हातातलं रीळ मिळेल त्या फळीवर ठेवून कात्रीकाका पळाले. ती फळी गरम पाण्याच्या पाइपाच्या डोक्यावर होती. मुलगी झाली, घरी लांबलचक सुट्टी झाली, आणि रीळ तिथे पाइपावर शेकत राहिलं. त्यांच्या सगळ्या नोकरीत झालेली ती एकच चूक.

टेप रिळावर एकावर एक वेढे घेऊन बसलेली असते. ती तशीच फार दिवस पडली, त्यातून उबेत पडली, की एका वेढ्यावरचा आवाज शेजारच्या वेढ्यावर पुसट उमटतो. ओल्या शाईची वही मिटली की समोरच्या पानावर डाग पडतो, तसंच. सुट्टीवरून आल्यावर काकांनी बायकोची सगळी बडबड कापून टोपलीत टाकली आणि रीळ मफलरला ऐकवलं. मफलरनं डोळे उघडले. "माझ्या शांततेत कोणीतरी कुजबुजतंय," तो म्हणाला.

मग शिव्या खाऊन कात्रीकाकांनी कोऱ्या टेपची शांतता जोडून दुसरं रीळ तयार केलं. तेच पुढे मैफलींत वाजलं. पहिल्या रिळाच्या डब्यावर मोठ्या अक्षरांत 'बाद' लिहून त्यांनी तो तळघरात टाकला, आणि कानाला खडा लावला.

मुलगी अजून रांगत होती तेव्हा टेलिफोनवाली गेली. साध्या ऑपरेशनला म्हणून गेली होती. जाताना शेजारणीला सांगून गेली, दोन दिवसांत येते, मग सगळं सांगते. तिचं सांगायचं राहून गेलं.

त्यानंतरचं घर म्हणजे संस्थेचीच एक खोली झाली. दारांना आवाज अडवायला फेल्ट लावलेलं, खुर्च्यांच्या पायांना रबर. पोरीनं भांडं पाडलं तरी बाप रागवायचा नाही, फक्त मान वर करून बघायचा. त्या बघण्यानं ती हळू चालायला शिकली, हळू जेवायला शिकली. मोठी झाल्यावर शाळेत शिक्षिका झाली आणि दिवसभर पोरांवर ओरडू लागली. सूड म्हणा हवं तर. बापलेकीत भांडण असं कधी झालं नाही, भांडायला आधी बोलावं लागतं. रविवारी ती यायची, दोघं जेवायची, ती भांडी घासून जायची.

एका रविवारी जेवताजेवता ती म्हणाली, "बाबा, आई बोलायची कशी?"

"बोलायची खूप."

"तसं नाही. आवाज कसा होता? मावशी म्हणते, माझा अगदी तिच्यासारखा आहे. मला कसं कळणार? तिचं वय मी केव्हाच ओलांडलं आणि तिचा एक शब्द मी ऐकलेला नाही. तुमच्याकडे टेप असेल ना?"

कात्रीकाकांचा घास हातात राहिला. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. जन्मभर दुसऱ्यांचे आवाज जपून ठेवणाऱ्या या माणसाच्या घरी बायकोच्या आवाजाची वीतभरही टेप नव्हती. घरी मशीन आणायला ती किती मागे लागली होती. दिवसभर तेच करतो, घरी तरी नको, असं म्हणून यांनी विषय मिटवला होता.

"तिचं ते 'आ' आहे," ते म्हणाले.

"ते मी ऐकलंय. 'आ' म्हणजे काय बोलणं आहे का? कुणाचंही 'आ' असंच असतं." तिनं ताट उचललं. "जाऊ दे. मी आपलं विचारलं."

त्या रात्री कात्रीकाकांना झोप आली नाही. जाऊ दे म्हणताना पोरीचा आवाज जरासा फाटला होता. ज्या कानांनी उभ्या जन्मात दुसरं काही केलं नाही, त्यांनी तो बरोबर टिपला. आणि अंथरुणात पडल्यापडल्या त्यांना बाद रीळ आठवलं.

संस्थेत आता नवी माणसं होती. मफलर जाऊन बरीच वर्षं झाली होती. तळघर रिकामं करायचं चाललं होतं, डबे बाहेर व्हरांड्यात येऊन पडले होते. टेपच्या खोलीत एक इंजिनियरबाई संगणक लावून बसायची. मनानं चांगली होती. तिनं काकांना खुर्ची दिली, चहा दिला, आणि डबे शोधायला स्वतः व्हरांड्यात फतकल मारून बसली. 'बाद' तिलाच सापडलं.

टेप चिकट झाली होती. अशी टेप मशीनवर लावली तर तिच्यावरचा लेप खरवडून निघतो, म्हणून आधी मंद आचेच्या भट्टीत शेकावी लागते. पाइपावर शेकल्यानं बाद झालेलं रीळ आता ऐकण्यासाठी पुन्हा शेकायला ठेवलं. काका भट्टीसमोर बसून राहिले. बाई म्हणाली, "घरी जा काका, मी बघते." ते म्हणाले, "मागच्या वेळी गेलो होतो."

रीळ संगणकात उतरवलं. पहिलं 'आ' आलं. मग शांतता. बाईनं ती शांतता मोठी केली, आणखी मोठी केली, खरखर वाढली, आणि त्या खरखरीत कोणीतरी होतं. पण शब्द लागेना. दिवसभर दोघांनी कान टेकवून एकेक शांतता तपासली. कुठे नुसता सूर वरखाली होत होता, कुठे हसल्यासारखं वाटत होतं. शेवटून दुसऱ्या शांततेत मात्र ती स्पष्ट निघाली. लांबून, भिंतीपलीकडून बोलावं तशी, पण तीच.

"अहो, ऐका ना, बाळानं आत्ता..."

तिथे जोड होता. पुढचं टोपलीत गेलेलं. छाप उमटते ती वेढाभरच, कापलेल्या तुकड्याच्या थोडी आधी आणि थोडी नंतर. आधीच्या टेपवर तिची सुरुवात राहिली होती. नंतरच्या टेपवर त्या तुकड्याचा शेवट राहिला होता, आणि तो शेवट तिचा नव्हता. स्पीकरमधून आलेला, कोरडा, तरुण पुरुषाचा आवाज होता.

"...बोलू नकोस. टेप चालू आहे."

कात्रीकाकांनी हेडफोन काढून मांडीवर ठेवले.  बाईनं पडद्याकडेच बघत हलक्या आवाजात विचारलं, "काका, हा शेवटचा तुकडा काढून टाकू का? ताईंना आईचंच ऐकायचंय ना? एक कळ दाबायची, बस्स."

काकांची बोटं टेबलाच्या कडेवर हलली, जुन्या सवयीनं, रीळ हलवावं तशी. काढावा असं त्यांना फार वाटलं. लेकीनं आईचा आवाज ऐकावा आणि तिथेच थांबावं, असं कुठल्या बापाला वाटणार नाही?

"नको," ते म्हणाले. "माझ्या हातून पुष्कळ कापून झालं."

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मुलगी आली. खडूचे हात तसेच होते. इंजिनियरबाई काहीतरी निमित्त काढून बाहेर गेली. काकांनी लेकीला हेडफोन दिले, स्वतः दुसरे लावले आणि रेकॉर्डिंग सुरू केलं. आपल्या बाजूनं त्यांनी एवढंच सांगितलं, "खरखर फार आहे. मध्ये बोलू नकोस."

तिनं ऐकलं. पुन्हा लावायला सांगितलं, पुन्हा ऐकलं. तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि तोंडावर हसू होतं. "बाबा, 'ऐका ना' मी अगदी अशीच म्हणते," ती म्हणाली. "वर्गातली पोरं माझी नक्कल करतात. अशीच." स्वतःशीच तिनं एकदोनदा म्हणून बघितलं, ऐका ना, ऐका ना. कात्रीकाका मान खाली घालून बसले होते. त्यांना वाटलं, झालं, एवढ्यावर निभावलं.

तिनं तिसऱ्यांदा ऐकलं. आता हसू गेलं होतं.

"बाळ म्हणजे मी," ती म्हणाली.

"हो."

"मग मी काय केलं होतं? लाथ मारली? उचकी लागली? काय सांगत होती ती तुम्हाला?"

 कात्रीकाकांनी ते ऐकलं होतं. एकदा काचेपलीकडून, ती बोलली तेव्हा. दुसऱ्यांदा टेबलावर, रीळ हातानं मागेपुढे करताना, पुन्हा पुन्हा. शब्द कुठे सुरू होतात ते ऐकलं होतं, कुठे संपतात ते ऐकलं होतं. दोन्हीकडे पिवळ्या खुणा केल्या होत्या, अगदी नेमक्या.

"बाबा?"

"मला माहीत नाही," ते म्हणाले.

"तुम्ही तिथेच होतात."

"होतो."

 मग तिनं हेडफोन पुन्हा कानावर चढवले आणि हातानंच खूण केली, की लावा. कात्रीकाकांनी रेकॉर्डिंग मागे नेलं आणि पहिल्यापासून सुरू केलं.