क्लचची रिकामी चाल

जुनी गाडी उघडली की स्पेअर पार्ट कमी आणि किस्से जास्त निघतात. पार्ट हरवतात. किस्से मात्र टपरीवर, ग्रुपवर, लग्नाच्या पंगतीत पुन्हा पुन्हा सापडत राहतात. मोहने गावातल्या शांताराम काकांच्या अंगणातल्या गाडीचे तर इतके साठलेत, की गाडीत माणसांना बसायला जागा नाही! गाडीचं मॉडेल मी सांगणार नाही. सांगितलं की लगेच कोणीतरी 'नुसती बघायला' येतं.

आम्ही तिघं. मी डोंबिवलीची, नवीकोरी मेकॅनिकल इंजिनिअर. विन्या ठाण्याचा, सहा फुटी, सगळ्या जगावर संशय. तन्मय आंबिवलीचा, चहा सांडला तरी त्याचं शास्त्रीय कारण देणारा. 'फेकायचं नाही, दुरुस्त करायचं' हे आमचं तत्त्व. काकांचं तत्त्व त्याहून छोटं होतं.

"चालली तर गारी, नाय तर लोखंड!"

दसऱ्याला गाडीने स्वतःच्या ताकदीवर अंगणातला चढ चढून रस्त्यावर यायचं. नाही आली, तर शीळफाट्याचा भंगारवाला टेम्पो घेऊन येणार. काकांनी त्याला शब्द दिलेला. इंजिन सुरू झालेलं, ब्रेक लागत होते. राहिलेला फक्त क्लच.

*

या गाडीच्या क्लचला ऑइल नाही, केबल नाही. पेडल एका दांड्याला ढकलतं, तो दांडा दुसऱ्याला ढकलतो, दुसरा क्लचला. थेट सरकारी फाईल! शेवटच्या दांड्यावर एक नट असतो. तो फिरवून पेडलला थोडी 'रिकामी चाल' ठेवायची. म्हणजे पेडल दाबताना सुरुवातीला काहीच व्हायला नको, जोर नंतर लागायला हवा. ही चाल ठेवली नाही तर क्लच कायम अर्धवट दाबलेला राहतो. मग बेअरिंग रडतं आणि गाडी चढावर घसरते.

"चाल किती ठेवायची?" मी विचारलं.

"दोन बोटं," विन्या म्हणाला.

"कोणाची?" तन्मयने विचारलं.

त्यावर अख्खा रविवार गेला. विन्याची दोन बोटं म्हणजे माझी तीन. शेवटी मी पट्टी आणली, तर विन्या म्हणतो, "पट्टी कुठून घेतलीस? ती बरोबर आहे कशावरून?"

*

दांड्यांच्या सांध्यातला रबराचा बुश झिजलेला. कल्याणला एका दुकानात मिळाला. पुडी फोडली, तर ताज्या रबराचा वास.

"शेठ, हा ओरिजनल नाहीये. गाडी माझ्या बाबांच्या जन्माआधीची आहे, आणि हा बुश काल जन्मलाय."

दुकानदार जरासुद्धा हलला नाही. "मॅडम, ओरिजनलच आहे."

"ओरिजनल काय?"

"ओरिजनल कॉपी!"

विन्या म्हणाला, "घे. निदान हा माणूस खरं बोलतोय."

*

ड्रायव्हरची सीट गंजून मागच्या टोकाला अडकलेली. विन्याला ती मापात बसायची, म्हणून 'सीट नंतर बघू' असं एकमताने ठरलं. एकमत म्हणजे विन्याचं मत.

एकदा काकी चहा घेऊन आल्या आणि सहज सीटवर बसल्या. काकी उंचीने माझ्या खांद्याला. पाय पेडलच्या वर हवेत लोंबत राहिले.

"ही गारी कोनासाठी बनवलेली गो? उंटासाठी?"

काका ओट्यावरून ओरडले, "उतर, उतर! तुला काय करायचंय तिथं?"

काकी उतरल्या. उतरताना पेडलकडे एकदा बघितलं. चहा मात्र त्या दिवशी फार गोड झालेला.

*

आणि मग तो प्रकार सुरू झाला. आम्ही रविवारी चाल नीट करून जायचो. पुढच्या रविवारी यावं, तर चाल गायब! पेडलला नुसता पाय लावला तरी क्लच दाबला जायचा. बेअरिंगचं रडणं फाटकापर्यंत ऐकू यायचं.

"मेटल एक्स्पान्शन," तन्मय म्हणाला. "दिवसा ऊन असतं ना."

"ऊन पाना घेऊन येतं का?" विन्या म्हणाला आणि माझ्याकडे वळला. "बॉनेटमधून त्या नटापर्यंत फक्त बारीक हात जातो. माझा जात नाही, तन्मयचा जात नाही. उरलं कोण?"

"मी माझंच काम बिघडवू?"

"तुला परफेक्शनचा आजार आहे. तू येता-जाता पिळत असशील."

दोन रविवार मी त्याच्याशी पान्यापुरतंच बोलले. "दहा दे. बारा दे." बस्स!

*

मग मी सापळा लावला. मेकॅनिक लोक करतात तसं, नट आवळून नट आणि दांडा यांच्यावरून एक रंगाची रेघ ओढायची. नट हलला तर रेघ तुटते. रंग नव्हता, म्हणून काकींकडे नेलपॉलिश मागितलं. लालभडक मिळालं.

"कशाला गो पोरी?"

"चोर पकडायचाय, काकी. रेघ तुटली की कळणार!"

"शानी गो माजी!" काकी म्हणाल्या. आणि रेघ कशी ओढते ते शेजारी उभं राहून बघितलं.

पुढच्या रविवारी रेघ जशीच्या तशी. आणि चाल? गायब!

आम्ही तिघं बॉनेटमध्ये डोकं घालून उभे. विन्याने गळ्यातला ताईत शर्टाबाहेर काढला. तन्मय म्हणाला, "आणि गाडी तुळशीच्या जवळ आल्यासारखी वाटत नाही का तुम्हाला?" मग स्वतःच म्हणाला, "उतार आहे. घरंगळली असेल."

*

दसऱ्याच्या आदल्या रविवारी भंगारवाला आला. टायरला लाथ मारली, बंपरवर टिचक्या दिल्या. काकांनी त्याला खुर्ची दिली. चहासुद्धा! आम्हाला खुर्ची कधी मिळाली नव्हती.

"कळलं?" विन्या कुजबुजला. "काकाच करतायत. यांना गाडी नकोय, जागा हवीय. इकडे सगळीकडे टॉवर येतायत."

"काकांचा हात जाईल त्या नटापर्यंत?"

"लांब पाना असेल!"

मला पटलं. रागात माणसाला काहीही पटतं.

*

दसऱ्याच्या सकाळी मी सगळ्यांच्या आधी पोचले. अंगणात रांगोळी, गाडीला झेंडूचं तोरण, काका नव्या सदऱ्यात हातात हार घेऊन. फाटकाबाहेर भंगारवाल्याचा टेम्पो उभा. मी सरळ बॉनेट उघडलं आणि हात घातला. रेघ शाबूत. सवयीने बोट फिरवलं.

बोट लाल झालं. रेघ ओली होती!

तेवढ्यात विन्या आणि तन्मय आले. मी बॉनेट आपटलं, बोट वर धरलं आणि काकांसमोर उभी राहिले. "काका, आता पुरे! गाडी नकोय तर सरळ सांगा. तुम्हीच दर आठवड्याला नट पिळून वर ताजी रेघ मारता. हात दाखवा!"

काकांना काहीच कळेना. त्यांनी हार काखेत मारला आणि दोन्ही तळवे पुढे केले. पावशेर पावासारखे जाड तळवे. बॉनेटमधल्या त्या फटीत त्यांचा अंगठासुद्धा गेला नसता. विन्याने ते बघितलं, मग माझं लाल बोट बघितलं आणि तो माझ्यापासून दोन पावलं मागे सरकला.

"मना गारी नको?" काका म्हणाले. "अगो, माज्या बापाची हाय ती! तो भंगारवाला काय मी हौसेने..."

पाठीमागे इंजिन सुरू झालं.

आम्ही वळलो. ड्रायव्हरच्या सीटवर, पाठीशी दिवाणावरचे दोन लोड लावून, भरजरी लुगड्यात काकी बसलेल्या. स्टिअरिंगवरच्या दहाही नखांना लालभडक नेलपॉलिश.

"अगो ए! उतर!" काका ओरडले. "तुला कोनी शिकवली?"

काकींनी पेडल दाबलं. पार खालपर्यंत नाही, पाय पोचला तेवढंच, बोटभर. गिअर लोण्यासारखा पडला. बेअरिंग रडत होतं. पण गाडी रांगोळी वाचवत निघाली, तुळशीला वळसा घालून चढाला लागली, मधे एकदा थबकली, पुन्हा निघाली आणि फाटकातून थेट रस्त्यावर, टेम्पोच्या नाकासमोर जाऊन उभी राहिली.

भंगारवाल्याने आपणहून टेम्पो मागे घेतला.

काकींनी काच खाली केली आणि माझ्या लाल बोटाकडे बघून म्हणाल्या,

"फुंकर मार गो पोरी, सुकाला वेळ लागतंय."