बोगद्याच्या माथ्यावरचा भार

हसायचं तर खुशाल हसा, फक्त चहा सांडू नका. भर बोगद्यात, वीस-पंचवीस माणसांसमोर मी माझी अब्रू स्वतःच्या हातांनी कशी घालवली, ते ऐका. हातांनी म्हणजे… नाही, हातांनी नाही. कळेलच.

नाशिक रोडला आमचं हार्डवेअरचं दुकान. शिक्षण नववीपर्यंत, पण दुकानात एका तरी खोक्यावर चिठ्ठी दाखवा! कुठला स्क्रू कुठल्या खणात, सगळं डोक्यात. हा माझा माज. दुसरी खोड म्हणजे बसायची. गिऱ्हाईक उभं, नोकर उभे, शेठ गादीवर. या दोन्ही गोष्टींनी मिळून घात केला.

मोबाइल नुकते खिशात आले होते तेव्हाची गोष्ट. कळवणच्या पुढे डोंगरातून पाणी न्यायला बोगदा खणत होते. त्याच्या काँक्रीटच्या अस्तरात सेन्सर बसवायचे होते. डोंगर अस्तरावर किती दाब देतो, ते मशीनवर आकड्यात दिसतं. ऑर्डर मी मिळवली. कशी? बोलून! इंजिनिअर वैद्य मॅडमना छातीवर हात ठेवून म्हटलं, "मॅडम, एका किलोचा फरक दाखवला तरी सगळा माल परत!"

हे वाक्य ध्यानात ठेवा बरं का.

सेन्सर म्हणजे पोळपाटाएवढी जाड पोलादी तबकडी, मागे शेपटीसारखी वायर. चार काँक्रीटमध्ये गेले, पाचवा जादाचा बाहेर राहिला. पंधरा दिवसांनी चाचणी. बघतो तर वायरींवरच्या नंबरच्या चिठ्ठ्या ओलीने गळून गेलेल्या!

मॅडम म्हणाल्या, "एकेक वायर मुळापासून तपासत येऊ."

"कशाला? सगळं ध्यानात आहे माझ्या!" म्हणत मी धडाधड चार वायरी मशीनला जोडल्या. मग दहा पावलांवर पडलेल्या जादाच्या तबकडीवर पोतं टाकलं आणि ऐसपैस बसलो. माझाच माल, कोण बोलणार?

मॅडम मशीनवर वाकल्या. "एक नंबर ठीक. दोन ठीक. तीन… अहो, तीनवर एवढा भार?"

तीन म्हणजे बरोबर माथा! सगळ्यांच्या माना वर. मी दचकून उभा राहिलो.

"शून्य झाला!"

हुश्श! मी बसलो.

"वाढला, वाढला!"

नामदेव मुकादम म्हणाला, "मॅडम, वर नुस्ता कातळ हाय. लय घट्ट."

आकडा बघायला मी बसल्या बसल्याच पुढे वाकलो, तर आकडा हलला. घाबरून मला खोकला आला, तर आकडा नाचायला लागला!

"डोंगर हलतोय! बाहेर व्हा सगळे!" मॅडम ओरडल्या.

पळापळ! सगळ्यांच्या पुढे कोण? अर्थात मी. बाहेर जरा वेळ थांबून आत आलो, तर मशीन शून्यावर शांत. धावून दम लागला होता, म्हणून मी पुन्हा पोत्यावर बसलो. डोंगर परत आला!

मॅडमनी कपाळाचा घाम पुसला. "हे असं सोडता येणार नाही. माथ्याचं काँक्रीट फोडून बघावं लागेल."

नामदेवचा चेहरा पडला. "मॅडम, पंधरा दिस वर हात करून राबली माझी मानसं. मान वाकडी झाली एकेकाची. फोडायचं?"

नामदेव उदास होऊन एकदा मशीनकडे बघे, एकदा माझ्याकडे. मग हळूच म्हणाला, "शेठ, जरा उठा बरं."

उठलो.

"शून्य," मॅडम.

"आता बसा."

बसलो.

"वाढला!"

"पुन्यांदा उठा. बसा. उठा." शाळेतसुद्धा इतक्या उठाबशा काढल्या नव्हत्या! शेवटी नामदेवने तीन नंबरची वायर हातात धरली आणि तिच्या मागं मागं चालत थेट माझ्या पोत्यापाशी आला. "मॅडम, काँक्रीट फोडू नका. डोंगर हितं बसलाय!"

बोगद्यात हसण्याचा असा घुमारा उठला म्हणता! मीही हसलो. सुटलो म्हटलं.

सुटतो कसला! मॅडम हसल्या नव्हत्या. त्यांनी कॅल्क्युलेटर काढला. "आयती संधी आहे. सेन्सर खरा की खोटा ते कळेल. शेठ, वजन किती तुमचं?"

आता घरी आणि डॉक्टरांकडे मी सांगतो तेच सांगितलं, "ब्याऐंशी."

टकटक टकटक. "हा तर एकशे सात दाखवतोय. पंचवीस किलोचा फरक! म्हणजे सगळा माल परत."

नामदेव माझ्या पोटाकडे बघत होता. वीस माणसं माझ्या पोटाकडे बघत होती.

"मॅडम," मी म्हणालो, "माल बरोबर आहे."

"जरा मोठ्याने, शेठ."

"एकशे सात!"

माल पास झाला. त्याचं सर्टिफिकेट दुकानात फ्रेम करून लावायची केवढी हौस होती मला! पण त्यावर मॅडमनी स्वच्छ अक्षरात लिहिलंय : 'चाचणीसाठी वापरलेला भार – विक्रेते स्वतः, एकशे सात किलो.'

ते कुठल्या खणात आहे, ते अजून पक्कं डोक्यात आहे माझ्या. खणावर चिठ्ठी नाही. आमची ही अधूनमधून दुकानात येते.