नॉर्मनची जपानहून परतलेली मिनी

नॉर्मन ट्रँटरचा दिवस पहाटे पावणेपाचला सुरू व्हायचा. मोटारींचा कारखाना बंद झाला तरी तो त्याच वेळेला उठे, चहा करी, बूट चढवी, आणि जायचं कुठेच नाही हे आठवलं की चिडे. त्याला लाडाने बॅब म्हणणारी त्याची बायको ग्लेनिस वरच्या मजल्यावरून ओरडे, "बॅब, तू रिटायर झालायस हे त्या बुटांनाही सांग की!"

लाँगब्रिजच्या त्या कारखान्यात, मिनी या छोट्या गाडीच्या जोडणीच्या लाइनवर, नॉर्मन आणि मी दिवसपाळीत होतो. मी दारं बसवायचो, तो वायरिंग. मिनी सरकत समोर आली की तो खांद्यापर्यंत आत शिरायचा, तारांचा जुडगा डॅशबोर्डामागून ओढायचा, चिकटपट्टीने बांधायचा आणि बाहेर यायचा, तोवर पुढची हजर. त्याच्या पाठीला गाडीचा बाक आला तो तिथेच. पण त्याच्या स्वतःच्या दारात मिनी कधी उभी राहिली नाही. पगार आला की भाडं, पोरांचे बूट, कोळसा. मधुचंद्राला दोघे वेस्टनच्या समुद्रावर गेले ते कोचने, म्हणजे लांबच्या बसने, आणि ग्लेनिसला ती कोच अशी लागली की ड्रायव्हरने उलटीसाठी स्वतःची टोपी पुढे केली.

लग्नाला चाळीस वर्षं होत आली तेव्हा नॉर्मनने मिनी घेतली. कामगारांच्या क्लबात सगळ्यांसमोर सांगितलं, "शनिवारी ग्लेनिसला वेस्टनला नेतो. माझ्या मिनीतून."

ग्लेनिस म्हणाली, "परत कोच निघाली तर मी येणार नाही. तुझ्या टोपीला घेऊन जा."

गाडी जपानहून आली होती. इथल्या मिन्या पावसाने आणि हिवाळ्यात बर्फासाठी रस्त्यावर टाकतात त्या मिठाने खाल्ल्या. जपान्यांनी त्यांच्या मात्र देव्हाऱ्यातल्यासारख्या जपल्या. त्यामुळे आपल्याच गल्लीत जन्मलेली गाडी आपल्या लोकांना जहाजाने परत आणावी लागते. नॉर्मनची तर जवळजवळ नवी होती. त्याने हौसेने बॉनेट उघडलं आणि बराच वेळ आत बघत राहिला.

"इंजिन कुठंय?"

होतं. पण त्याच्या अंगावर एसीचा कॉम्प्रेसर बसला होता, त्याला नळ्यांचा विळखा होता, आणि जाळीमागे एक जादा पंखा होता. बोट घालायला जागा नव्हती. आत रेडिओ जपानी लहरींचा, त्यावर इथलं एकच स्टेशन लागे. शिवाय, किल्ली फिरवली की डॅशबोर्डाखालून एक जपानी बाई गोड आवाजात एक वाक्य बोले. टोलचं कार्ड वाचणारा डबा होता तो, तुमच्याकडच्या फास्टॅगचा जपानी नातेवाईक. कार्ड नव्हतं, म्हणून ती रोज विचारत असावी. नॉर्मन तिला "मॉर्निंग" म्हणे.

"माझ्याशी कधी इतक्या सकाळी बोलला नाहीस," ग्लेनिस म्हणाली.

सोमवारी गाडी तपासणीत नापास झाली. मागे धुक्याचा दिवा नव्हता.

"जपानात धुकं पडत नाही का?" नॉर्मनने विचारलं.

"ते तुमच्या बाईला विचारा," तपासणारा म्हणाला. "इथे दिवा लागतो. शुक्रवारपर्यंत लावून आणा."

एक दिवा, एक बटण, दोन तारा. सकाळभराचं काम. मी म्हटलं, वायरिंगचा नकाशा मागवू.

"नकाशा? मला?" नॉर्मन म्हणाला. "तपकिरी म्हणजे थेट बॅटरी, हिरवी म्हणजे किल्ली फिरवल्यावर, काळी म्हणजे अर्थिंग. झोपेत सांगतो."

त्याने डॅशबोर्ड खोलला. मागे त्याच्या ओळखीचा जुडगा होता, आणि त्याला बिलगून दुसरा, तेवढाच जाड. काळ्या तारा दोन असायला हव्यात, तिथे तीन.

"रात्रपाळी!" नॉर्मन गरजला.

दिवसपाळीत आम्ही सगळं रात्रपाळीवर ढकलायचो. स्क्रू सैल निघाला, रात्रपाळी. पाना हरवला, रात्रपाळी. आमच्या कपात कुणाची सिगारेट विझलेली सापडली, तर ती हमखास रात्रपाळीचीच असायची. ते लोक आमच्याबद्दल हेच म्हणत. त्यांना कधी काही विचारायचं नाही, ही रीत.

"बघ हे बांधलंय कसं! जनावर बांधतात असं," असं म्हणत नॉर्मनने जादा जुडगा कापून काढला. ओढताना एसीचं बटणही तुटून हातात आलं. मग त्याने किल्ली फिरवली. इंजिन गप्प. बाई बोलली.

मंगळवारी बाईच बोलली. बुधवारीही. नॉर्मनने तिला "मॉर्निंग" म्हणणं बंद केलं.

गुरुवारी ग्लेनिस ब्रेड पुडिंगचा डबा घेऊन दोन गल्ल्या पलीकडे लेन हॉजेट्सकडे गेली. लेन रात्रपाळीत वायरिंग करायचा. जपानला जाणाऱ्या एसीवाल्या गाड्या त्याच्याच हाताखालून जात. क्लबात तो आणि नॉर्मन पाठीला पाठ लावून बसत.

लेन आला तो अर्धा डबा संपवून. "एक अट आहे. आज क्लबात माईकवर म्हणायचं, रात्रपाळीचं काम चांगलं होतं."

"मी कोचने जाईन," नॉर्मन म्हणाला.

"एकटा," ग्लेनिस म्हणाली.

नॉर्मनने लेनला वाट दिली.

लेन सीटवर उताणा झाला, पाय वर, डोकं पेडलपाशी. "हे कापलं कुणी?"

"जादा होतं."

"अरे गाढवा, ही तिसरी काळी तार इंजिनच्या कंप्युटरची अर्थिंग आहे. एसी चालू झाला की इंजिनला सांगावं लागतं, जरा जोर लाव म्हणून. ते सगळं इथून जातं. तू बिचाऱ्याची मानच कापलीस."

"मग जनावरासारखं का बांधलंत?"

"बांधलंय तर सुबक. ग्लेनिस, टॉर्च जवळ आण जरा." लेन थांबला. "आमच्यात असं कुणी करत नव्हतं. उरलेल्या पट्टीचं टोक बघ, आत दुमडलंय."

ग्लेनिस वाकली. बघितलं. मग टॉर्च खाली करून हसत सुटली. "हे तर आमचं ख्रिसमसच्या भेटीचं पाकीट आहे!"

नॉर्मन प्रत्येक पाकिटाच्या चिकटपट्टीचं टोक दुमडतो. पुढच्याला सोडवायला नख लावावं लागू नये म्हणून. लाइनवरही तेच करायचा. त्यासाठी मुकादमाने त्याला शिव्या दिल्या होत्या. दुमडायला वेळ जातो, म्हणे. तो वेळ नॉर्मन चहाच्या सुट्टीतून काढायचा. असं करणारा सबंध कारखान्यात दुसरा नव्हता, हे मी शपथेवर सांगतो.

नॉर्मन कानापर्यंत लाल झाला. "एक आठवडा तुमच्याकडे माणसं कमी होती," तो म्हणाला. "डबल पगार होता."

"म्हणजे तू रात्रपाळीवाला!" लेन पेडलपाशीच हसायला लागला आणि त्याचं डोकं आपटलं.

"त्या पैशांतूनच माझा निळा लोकरी कोट आला होता," ग्लेनिस म्हणाली. "मी म्हणे, हा रोज रात्री जातो तरी कुठे."

लेनने तारा जोडल्या. दिव्याची जोडणी नॉर्मनने स्वतः केली, टोक दुमडून. एसीचं बटण काही मिळालं नाही, म्हणून लेनने बटणाच्या दोन तारा थेट एकमेकींना जोडून टाकल्या. आता इंजिन चालू तोवर एसी चालू. संध्याकाळी नॉर्मन क्लबात माईकपाशी गेला. "रात्रपाळीचं काम चांगलं होतं," तो म्हणाला, आणि घाईने पुढे, "एक आठवडा."

शुक्रवारी गाडी पास झाली. थंडीबद्दल नियमात काही नाही, असं तपासणारा हात चोळत म्हणाला.

शनिवारी आम्ही सगळे निरोप द्यायला रस्त्यावर उभे होतो. ऊन छान होतं. ग्लेनिस निळा कोट, मफलर आणि हातमोजे घालून बसली. बाई बोलली. "हो गं, हो," ग्लेनिस म्हणाली, आणि ते निघाले.

वेस्टनला लोक चड्ड्यांवर हिंडत होते. हे दोघे गाडीतून उतरले ते दात वाजवत. धक्क्यावर बसून त्यांनी तळलेले मासे आणि बटाट्याच्या गरमागरम चिप्स खाल्ल्या. चिप्स आधी हातात धरून ठेवल्या, ऊब येईपर्यंत.

नॉर्मनने न वापरलेली टोपी खिशात घातली. सबंध वाटेत, त्या गारठ्यात, ग्लेनिसला गाडी लागली नव्हती.