पंधरा मिनिटं पुढे

आमच्या रत्नागिरीच्या घरातलं भिंतीवरचं घड्याळ कायम पंधरा मिनिटं पुढे असायचं. एसटी चुकू नये म्हणून बाबांनीच ते तसं लावलं होतं. घरात सगळ्यांना हे ठाऊक. त्यामुळे घड्याळ बघायचं, मनात पंधरा वजा करायचे आणि निवांत चहा प्यायचा. शेवटी स्टँडवर धावत जायचं ते जायचंच.

मी कॉलेजात फिजिक्स शिकवते. जुन्या भौतिकशास्त्रातला निरपेक्ष काळ हा माझा लाडका धडा. कोणी बघो न बघो, काळ सगळीकडे एकाच गतीने वाहतो. इथे शेजारच्या मिरजोळे गावात सरला तेवढाच क्षण चंद्रावरही सरतो. पुढे हा समज मोडला, तेही मीच शिकवते, पण मनाने मी त्या जुन्या काळाच्याच बाजूची. घरातलं खोटं घड्याळ मला खुपायचं. एका रविवारी दुपारी बाबा झोपलेले असताना मी ते बरोबर लावलं. कोणाला सांगितलं नाही. खऱ्या वेळेची दवंडी कशाला पिटायची? दीडशहाणी होते, दुसरं काय!

सोमवारी मी सकाळीच कॉलेजला गेले. मागाहून दाभोळहून आतेभावाचा फोन आला: आईचं काही खरं नाही, तुम्हाला बघायचं म्हणतेय, लगेच निघा. बाबांची ती एकुलती एक बहीण. पावणेआठची गाडी होती. बाबांनी घड्याळ बघितलं, सवयीने पंधरा वजा केले, अंघोळ उरकली, तिला आवडते म्हणून फणसपोळी शोधून पिशवीत घातली. स्टँडवर पोचले तेव्हा गाडी गेलेली.

पुढची गाडी अडीच तासांनी. ते पोचायच्या तासभर आधी आत्या गेली. शेवटपर्यंत ती मुलाला विचारत होती, “किती वाजले रे? भाऊ गाडीत बसला असेल ना?”

बाबा परत आल्यावर मी रडत सगळं सांगितलं. ते चिडले असते तर बरं झालं असतं. घड्याळाकडे बघत एवढंच म्हणाले, “तुझी वेळ बरोबरच होती गो.”

आता कुठे निघायचं असलं की ते घड्याळासमोर उभे राहतात आणि मला हाक मारतात, “अगो, ह्यातले किती वजा करायचे?”

“काहीच नाही, बाबा,” मी सांगते. तरी ते अर्धा तास आधीच स्टँडवर जाऊन बसतात.