ओठ मिटले नाहीत

परबकाका जेवताना डब्याकडे कमी आणि मॅनेजरसाहेबांच्या केबिनकडे जास्त बघायचे. आमचं कँटीन पोटमाळ्यावर होतं आणि समोर, खालच्या मशिनांच्या पलीकडे, साहेबांची काचेची केबिन. मधे छपाईच्या तीन मशिनांचा एवढा धडाका, की काचेआडचा एक शब्दही आमच्यापर्यंत येणं शक्य नव्हतं. तरी काका भाकरी मोडता मोडता सांगायचे, "रविवारी सगळ्यांना बोलावणार. माल परत आलाय." आणि शनिवारी खरंच नोटीस लागायची.

रबाळ्याच्या त्या कंपनीत औषधांच्या बाटल्यांची लेबलं छापली जायची. नव्वदीच्या मध्यावर मी तिथे टाइम ऑफिसात, हजेरी-पगाराच्या कामाला, लागलो. परांड्याहून आलेला, घरातला पहिला पदवीधर. थोड्याच दिवसांत कुजबुज सुरू झाली, की ऑफिसातला हा नवा पोरगाच बातम्या फोडतो. मी घाबरून काकांकडे गेलो आणि तुम्हाला हे कोण सांगतं, असं सरळ विचारलं.

"कोण सांगणार? साहेब स्वतः सांगतो," काका हसले. "अरे झिला, बावीस वर्षं गिरणीत कापड विणायच्या साच्यावर काढली मी. शेकडो साचे एकदम चालायचे. तिथे कोण कोणाचं ऐकणार? पलीकडचा ओठ हलवायचा, आपण वाचायचं. चहा आला, मुकादम जॉबर आला, कोणाला मुलगा झाला, सगळं ओठांवर."

गिरणी बंद पडल्यावर ते इकडे आले होते. मशिनवर कागदाची रिळं चढवायचं काम करायचे. माझ्या बाबतीतली कुजबुज त्यांनी त्याच दिवशी थांबवली. कोपरखैरण्यात मला खोली त्यांनीच बघून दिली, आणि पहिला पगार होईपर्यंत त्यांच्या डब्यात माझ्या दोन भाकऱ्या जास्त असायच्या. "आपल्या टेबलावर बी.कॉम. बसतो," असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. कुठलाही वाद झाला की शेवटी, "बी.कॉम. काय म्हणतो, विचारा." बाविसाव्या वर्षी हे ऐकायला फार गोड वाटायचं. माझ्या घरात मला कधी कोणी काही विचारलं नव्हतं.

कँटीनमध्ये एक टीव्ही होता, लाकडी खोक्यात, दोन दारांचा. दुसऱ्या पाळीची जेवणाची सुट्टी संध्याकाळी सातला, म्हणजे मराठी बातम्यांच्या वेळी. बातम्यांच्या अगदी आधी एका मसाल्याची जाहिरात लागायची. सून आमटी वाढते, सासू तोंड वाकडं करून चमचा तोंडात घालते, मग तिचा चेहरा खुलतो आणि ती म्हणते, "हात तुझे, चव माझी."

"चव तुझी," एके दिवशी काका म्हणाले. "सासू सुनेला मान देते. जाहिरात चांगली आहे."

"काय बोलता काका?" पॅकिंगच्या कमळाबाईंनी डबा खाली ठेवला. त्या जवळच्याच बोनकोडे गावच्या, जिभेला धार. "सासू कदी सुनेला मान देते का? 'चव माझी'च बोलते ती. मसाला तिचाच हाय ना."

"ओठ मिटले का तिचे? 'माझी' म्हणायला ओठ मिटावे लागतात. म्हणून बघ. तिचे मिटले नाहीत."

कमळाबाईंनी "माझी, माझी" म्हणून बघितलं. सगळं टेबल ते करू लागलं. वाद आठवडाभर चालला. बायका कमळाबाईंच्या बाजूने, मशिनवरचे काकांच्या बाजूने, कारण काकांचं आजवर चुकलेलं कोणी बघितलं नव्हतं. हरेल त्याने सगळ्यांना भजी द्यायची ठरलं. आणि मग काकाच म्हणाले, "बी.कॉम. ठरवेल."

मी ती जबाबदारी रात्रंदिवस डोक्यावर घेऊन वावरलो. ठरल्या दिवशी जाहिरात सुरू होताच मी उठलो आणि टीव्हीची दोन्ही दारं लावून टाकली. म्हटलं, "आज कोणी बघायचं नाही. फक्त ऐकायचं." मला ते फार शास्त्रशुद्ध वाटलं होतं. काका ओठ वाचतात ही त्यांची जादाची कला आहे, असं मी समजत होतो. ती त्यांची गरज असेल, हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

बंद दारांमागून सासू स्वच्छ म्हणाली, "हात तुझे, चव माझी." कमळाबाईंनी टाळी वाजवली. सगळे काकांकडे वळले. काका अजून बंद दारांकडेच बघत होते.

"अरे उघड ना," ते म्हणाले. "जाहिरात लागून संपून जाईल."

तोवर बातम्यांची धून सुरू झाली होती. कोणी हसलं नाही. दारात सेफ्टीचे साहेब चहाचा कप घेऊन उभे होते.

पुढचं सगळं नियमाने झालं. आमच्या फ्लोअरवर रिळांची फोर्कलिफ्ट फिरायची. हॉर्न ऐकू न येणाऱ्या माणसाला तिथे ठेवता येत नव्हतं, आणि त्यात सेफ्टीच्या साहेबांचं काही चुकलं असं मी आजही म्हणणार नाही. काका इतकी वर्षं सावल्या आणि दुसऱ्यांचे डोळे बघून बाजूला होत आले होते. वार्षिक तपासणीला डॉक्टर समोर बसून प्रश्न विचारायचे, तेव्हा काकांची उत्तरं बरोबर यायची. आता वाशीला मशिनवर कान तपासले. फ्लोअरसाठी अपात्र, आणि दुसरं काम नसल्यामुळे महिनाअखेर सेवा समाप्त, असं पत्र निघालं. ते मीच टाइप केलं. काकांची मुलगी शैला डी.एड.च्या पहिल्या वर्षाला होती. "ती मास्तरीण झाली की मी सुटलो," हे त्यांचं वाक्य अख्ख्या टेबलाला पाठ होतं. अजून पुरतं वर्ष बाकी होतं.

त्या रविवारी मी त्यांच्या घरी गेलो. काकींनी चहा ठेवला. मी रस्त्यात जुळवलेली वाक्यं एकामागून एक बोललो. उपकार, कृतघ्नपणा, पश्चात्ताप, सगळं आलं त्यात. संपलं तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी होतं.

काका पुढे वाकले. मग म्हणाले, "झिला, काय बोललास ते समजलं नाही. फरशीशी बोलत होतास. वर बघून बोल."

वर बघून ती वाक्यं येईनात. एवढंच आलं, "काका, माझं चुकलं."

"हां. आता समजलं." त्यांनी कप माझ्याकडे सरकवला. "चुकलं तर आहेच. पण तुला माहीत नव्हतं, आणि मी सांगितलं नव्हतं. निम्मं तुझं, निम्मं माझं. आता रडू नको. इंग्रजीत अर्ज लिही. कान गेले म्हणतात ना, मग डोळ्यांचं काम द्या म्हणावं."

अर्ज मी चार वेळा लिहिला. लेबलं तपासायच्या टेबलावर आवाज नव्हता, फोर्कलिफ्ट नव्हती. कमळाबाईंनी त्यावर पॅकिंगच्या सगळ्या बायकांच्या सह्या घेतल्या. मॅनेजरसाहेबांनी काकांना बोलावून लेबलांचा एक मोठा कागद पुढे टाकला. काकांनी उभ्या उभ्याच तिसऱ्या ओळीतल्या एका लेबलावर बोट ठेवलं. शाई तिथे केसभर सरकली होती. साहेबांना ती भिंग लावून दिसली. पगार कमी झाला, पण नोकरी राहिली.

काही महिन्यांनी एका मित्राकडे तीच जाहिरात मी हिंदीत बघितली. सासू म्हणत होती, "हाथ तेरे, जादू तेरा," आणि शब्द तिच्या ओठांवर बरोबर बसत होते. मराठी आवाज वरून चढवलेला होता. दुसऱ्या दिवशी मी तपासणीच्या टेबलापुढे, काकांच्या समोर उभा राहून हे सांगितलं.

"मग मी काय सांगत होतो?" मान पुन्हा लेबलांवर घालत ते म्हणाले, आणि मग पॅकिंगच्या दिशेने ओरडले, "कमळे, भजी आण."

शैलाला कणकवलीजवळच्या शाळेत नोकरी लागली, तेव्हा काकांनी राजीनामा दिला. तोही मीच लिहिला. सकाळच्या एसटीला पोचवायला मी वाशीला गेलो होतो. सामान वर चढलं, गाडी सुरू झाली. काका खिडकीशी बसले. काच अडकली होती, ती सरकेना. इंजिनाच्या घरघरीत ते काचेआडून मला काहीतरी सांगू लागले. सावकाश, नीट, ओठ पूर्ण उघडून, जसं ते गिरणीत नवख्यांशी बोलत असतील.

मला एक अक्षरही कळलं नाही. मी हसून मान हलवली, हो, हो. त्यांनी क्षणभर माझ्याकडे निरखून बघितलं. मला समजलं नाही, हे त्यांच्या बरोबर लक्षात आलं असावं. मग त्यांनीही हसून मान हलवली आणि गाडी निघाली.