तीन रॉड अजून बाहेर होते

माझी धाकटी नणंद प्रवेशाचा फॉर्म भरत होती तेव्हा तिच्या मामांनी विचारलं, "इलेक्ट्रिकल पॉवर? म्हणजे घरोघरी पंखे बसवत फिरणार का गं?"

सगळे खो खो हसले. ती नाही हसली. "मामा, वीज तयार होते तिथपासून तुमच्या पंख्यापर्यंत ती आणायचं शास्त्र आहे ते. वीजकेंद्र, सबस्टेशन, पवनचक्क्या, सौरप्रकल्प, कुठेही काम मिळतं. पंखा तेवढा तुम्ही बसवा."

कॉलेजात तिचं नाव पडलं फ्यूज. प्रयोगशाळेत सरांचा हुकूम होता: जोडण्या मुलांनी करायच्या, आकडे मुलींनी लिहायचे. हिने वही मिटली आणि मोटरच्या जोडण्या स्वतः केल्या. झालं, मुलगी तापट ठरली! चार वर्षं तिची जाडजूड पुस्तकं माझ्या ओट्याला लागून पसरलेली असत. मी भाजी चिरायची आणि ती मला शिकवायची. "वहिनी, तुम्हाला समजलं म्हणजे मला समजलं." आता याला कौतुक म्हणायचं की टोमणा, ते मी विचारलं नाही.

बरोबरीची निम्मी मुलं सॉफ्टवेअरकडे वळली. हिला सबस्टेशनच हवं होतं, तेच मिळालं. वर्षभर प्रोबेशन, मग कायम.

अकराव्या महिन्यात ती दुपार आली.

ड्यूटीवर हीच होती आणि लाइन दुरुस्तीसाठी बंद होती. अशा वेळी तारा रॉड लावून जमिनीशी जोडतात, म्हणजे चुकून वीज सुटलीच तर ती जमिनीत जावी. आणि कामाचं परमिट ज्या लाइनमनच्या नावाने असतं, त्याने स्वतः येऊन सही केल्याशिवाय लाइन चालू करायची नाही. त्या दिवशी दोन ठिकाणी काम होतं. एक टोळी परतली आणि तिने आपले तीन रॉड भिंतीवरच्या हुकांना अडकवले. दोन्ही कामांचं परमिट होतं दुसऱ्या टोळीच्या म्हाताऱ्या लाइनमनच्या नावावर. त्यांना सगळे काका म्हणतात. काकांचा पत्ता नव्हता आणि फोनही लागत नव्हता.

साहेब घाईघाईने आत आले. "सोडा लाइन. मोठे साहेब उद्घाटनाला उभे आहेत आणि माइक बंद!"

"काकांची सही झाली नाही, सर."

"अहो, ही टोळी आली म्हणजे तेही उतरले असतील. त्यांच्या जागी तुम्ही करा सही."

"भिंतीवर बघा. हुक सहा, रॉड तीन."

"राहिले असतील गाडीत!"

"मग गाडी येऊ दे."

साहेबांचा आवाज चढला. "कायम व्हायचंय ना तुम्हाला?"

तिने परमिटचं पुस्तक पर्समध्ये घातलं आणि पर्स मांडीवर घेऊन बसून राहिली. चाळीस मिनिटं. फोन वाजत होता, साहेब येरझारा घालत होते. शेवटी काका आले, खांद्यावर तीन रॉड. इतका वेळ ते खांबावरच होते, फोन खाली पिशवीत. त्यांनी रॉड अडकवले, सही केली आणि घटाघट पाणी प्यायले. साहेबांनी त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

तिसऱ्या दिवशी मेमो आला. ग्राहकांची चाळीस मिनिटं गैरसोय! लेखी माफीनामा द्या, नाहीतर कायम करण्याचा विचार होणार नाही.

आमच्या ह्यांनी चष्मा पुसत सल्ला दिला, "चार ओळी खरडून टाक. माफी मागून कुणी झिजत नाही."

"बाई गं, नोकरी टिकव आधी," सासूबाई म्हणाल्या.

"दादा, माफी मागितली म्हणजे चूक माझी झाली. उद्या हाच कागद नाचवून माझ्याकडून सही घेतील, आणि तेव्हा कुणी वर असेल!"

माझं डोकं असं फिरलं होतं! साहेबांवर होतंच, पण घरातल्या या शहाण्यांवर जास्त. ह्यांना म्हटलं, "खांबावर तुम्ही असता तर?" मी कोरा कागद आणून तिच्यापुढे ठेवला. तिने दोनच वाक्यं लिहिली. 'लाइन सोडायला सांगितलं तेव्हा तीन रॉड बाहेर होते आणि परमिटवर सही नव्हती. पुन्हा तसं झालं तर मी तेव्हाही लाइन सोडणार नाही.'

प्रोबेशन सहा महिन्यांनी वाढलं. तिच्याबरोबर लागलेले, खुर्ची न सोडणारे दोघं कायम झाले आणि वर पेढे वाटून गेले. त्या संध्याकाळी तिने माझी भांडी अशी घासली की एका पातेल्याला पोचा आला.

शनिवारी तिने आमच्या फाटकाच्या उरलेल्या लाल रंगातला थोडा माझ्याकडून मागून नेला. सबस्टेशनच्या भिंतीवर, प्रत्येक हुकामागे, रॉडची पूर्ण आकृती काढली. रॉड नसला की दारातूनच लाल दिसावं, गाडीत राहिला म्हणायला तोंड उरू नये. काकांनी स्टूल धरलं.

आठवड्यात दुसरा मेमो: कार्यालयाची भिंत विनापरवानगी विद्रूप केल्याबद्दल खुलासा द्यावा.

तिने तो मला मोठ्याने वाचून दाखवला. कानशिलं तापलेली, आवाज मात्र थंड.

"वहिनी, रंग उरलाय? साहेबांच्या टेबलासमोरची भिंत अजून कोरी आहे."

मी डबाच तिच्या हातात दिला.